नाव पुढचं, दुखणं मागचं

मी आतून बोलतोय. आवाज कुठून येतोय ते बघायला खाली वाकू नका, मी दिसणार नाही. एका मोठ्या उंच गाडीच्या मागच्या उजव्या चाकात, टायरच्या पोटात, जिथे नुसती हवा असते असं तुम्हाला वाटतं, तिथे मी आहे. काडेपेटीएवढा काळा ठोकळा. मला सेन्सर म्हणतात. टायरमधली हवा मोजायची आणि गाडीला कळवायची, एवढंच माझं काम.

हवा भरताना तुम्ही जिची छोटी टोपी काढता, ती नळी माझ्या पाठीला जोडलेली आहे. बाहेरच्या जगात माझं तेवढंच एक बोट. बाकी मी पूर्ण आत. गाडीतली माणसं बोलतात ते धातूतून उतरत उतरत माझ्यापर्यंत येतं, आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून आता मला प्रत्येकाचा आवाज ओळखू येतो. चेहरे मात्र फार उशिरा दिसले, आणि तेही थोडाच वेळ.

माझा जन्म एका लखलखीत खोलीत झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका बसायच्या. एकीने माझ्या पोटात बॅटरी ठेवली, दुसरीने वरून काळा घट्ट रस ओतला. तो वाळला आणि माझं झाकण कायमचं बंद झालं. ही बॅटरी बदलता येत नाही. ती संपली की मी संपलो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, पण त्या वयात कुणी अशा गोष्टी मनावर घेत नाही.

आम्ही चौघे भाऊ एका खोक्यातून निघालो. सगळ्यात शेवटी भरला गेला तो धाकटा. आम्हाला एकेका चाकाच्या रिंगवर बसवलं. मी पुढच्या डाव्या चाकात, धाकटा मागच्या उजव्या चाकात. मग माझ्या डोक्यावरून टायर चढवला. एका बाजूने उजेडाची फट राहिली होती. तेवढ्यात जोरात हवा आली, टायरची कड रिंगवर ‘फट्ट’ करून बसली आणि फट मिटली.

तेव्हापासून अंधार.

अंधाराची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही. चाक फिरतं, मी त्याच्याबरोबर गरगरतो, आणि कितीही लांब गेलो तरी असतो त्याच खोलीत. गाडीने समुद्र पाहिला, डोंगर पाहिले, पूल ओलांडले. मी टायरची एकच गोल भिंत पाहिली.

गाडी एका चौकोनी कुटुंबाने घेतली. सात माणसांची गाडी आणि घरात माणसं चार. बाबांचं म्हणणं, “गाडी कशी, ऐसपैस हवी.” आईचं म्हणणं, “मग पार्किंगमध्ये लावायला तुम्ही येत जा रोज.” कारण गाडी चालवायची ती आईच. सकाळी मुलांना शाळेत सोडून ती पुढे कामावर जायची. बाबा बसने जायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाडीचे मालक व्हायचे.

मुलगा लहान. तो गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलायचा, म्हणून त्याला घरात भोंगा म्हणत. मुलगी मोठी, शाळेच्या शेवटच्या वर्गांतली. ती इतकं हळू बोलायची की शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. तिचं नाव पडलं होतं पुटपुट. “अगं, जरा मोठ्याने,” असं सगळे तिला म्हणत, आणि ती मोठ्याने बोलण्याची तयारी करेपर्यंत विषय बदललेला असे.

मी कसा बोलतो तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाक थांबलं की मी डुलकी काढतो. चाक फिरू लागलं की जागा होतो आणि अधूनमधून दोनच गोष्टी सांगतो. माझा क्रमांक आणि आतल्या हवेचा आकडा. “मी अमुक, माझ्याकडे तेहतीस.” मी कुठल्या कोपऱ्यात बसलोय हे मला सांगता येत नाही. ते गाडीच्या मेंदूने लक्षात ठेवायचं असतं. अमुक क्रमांक म्हणजे पुढचं डावं चाक, तमुक म्हणजे मागचं उजवं. मेंदू जे नाव लावेल ते आमचं नाव.

आकडा फार उतरला की चालवणाऱ्याच्या समोर पिवळा दिवा लागतो. मी तो कधी पाहिलेला नाही. भोंगा म्हणतो की पातेल्यात उद्गारचिन्ह पडल्यासारखा दिसतो. दिव्याखालच्या पडद्यावर त्या चाकाचं नाव आणि आकडा येतो. आमच्या गाडीचा पडदा कंजूष आहे. चारही आकडे दाखवत नाही. ज्याचं दुखतंय त्याचंच नाव सांगतो.

बरीच वर्षं कुणाचंच दुखलं नाही.

मग एका सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने पाहिलं की पुढचं डावं चाक जास्त झिजलंय. त्याने त्याची आणि मागच्या उजव्या चाकाची अदलाबदल केली. म्हणजे मी मागे उजवीकडे आलो आणि धाकटा पुढे डावीकडे गेला. अशी जागा बदलली की गाडीच्या मेंदूला तसं सांगावं लागतं. माणसं घर बदलतात तेव्हा दूधवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना नवा पत्ता देतात. आमचा पत्ता द्यायचा राहून गेला. जेवायची सुट्टी झाली असेल, किंवा कुणी हाक मारली असेल. गाडी धुऊन पुसून घरी आली आणि मेंदूच्या लेखी मी अजूनही पुढचं डावंच होतो.

तरी काही बिघडलं नाही. सगळ्यांचे आकडे ठीक असताना कुणाचं नाव काय, याने कुणाला काय फरक पडतो?

एका सकाळी आई पार्किंगमधून गाडी मागे घेत होती. मला खालून काहीतरी टोचलं. दोन वळणं झाली आणि माझ्या खोलीच्या जमिनीतून एक टोक वर आलं. स्क्रू होता. तो भोकात गच्च बसला होता, त्यामुळे उजेड काही आला नाही. फक्त बारीक, न संपणारी ‘स्स्स’ सुरू झाली. इतकी वर्षं मला वाटायचं, या खोलीला कधीतरी एक भोक पडावं. ते पडलं, आणि त्यातून मी नाही, माझी हवा बाहेर जाऊ लागली.

मी ओरडायला लागलो. तीस. एकोणतीस. सत्तावीस.

“आई, पातेलं पेटलं,” भोंगा म्हणाला.

पडद्यावर आलं: पुढचं डावं, हवा कमी.

संध्याकाळी बाबांनी नवाकोरा पंप बाहेर काढला. हा छोटा पंप त्यांनी हौसेने आणला होता आणि तो वापरायची वाट बघत होते. ते पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले, म्हणजे धाकट्यापाशी. मी त्यांच्या पाठीमागे, तिरक्या कोपऱ्यात.

“पंप तर तेहतीस दाखवतोय,” आई म्हणाली. “बरोबर आहे ना मग?”

“पंप बाजारातला आहे, गाडीचं यंत्र कारखान्यातलं. कारखान्याचा आकडा खोटं बोलत नाही. आपण थोडी भरू.”

“थोडी” भरली. आईने एक चक्कर मारून आणली. दिवा तसाच. आणखी थोडी भरली. पुन्हा चक्कर. दिवा तसाच.

“अहो, टायर आहे तो. वाढदिवसाचा फुगा नाही.”

“तू जरा थांबशील का?”

धाकटा बिचारा हवेने तट्ट फुगला. तो आपला इमानदारीने सांगत होता की माझ्याकडे फार झाली, बास करा. पण जास्त झालेल्याचं दुखणं तो कंजूष पडदा दाखवत नाही.

शेवटी बाबांनी हात झटकले. “सेन्सर गेलाय.” हे वाक्य मी नंतर पुष्कळदा ऐकलं. चाकात हवा कमी असेल, हे कुणाला वाटलंच नाही. सांगणाराच वेडा झाला असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं.

दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून बाबांनी भोंग्याकडून एक स्टिकर मागितलं आणि दिव्यावर लावलं. बेडकाचं.

“म्हणजे आता हवा बेडूक भरणार,” आई म्हणाली.

दिवस जात होते आणि मी उतरत होतो. टायरच्या भिंती मऊ पडायला लागल्या. वळणावर छत माझ्या डोक्याशी येऊन परत जायचं. ज्याने कधी बंद खोलीत भिंती जवळ सरकताना पाहिल्यात त्यालाच हे कळेल.

आईला काहीतरी जाणवत होतं. “गाडी मागून बसते हो. वळताना कुणीतरी मागून ओढणी धरल्यासारखं वाटतं.”

“मागून कसं वाटेल? तक्रार पुढची आहे.”

“मला वाटतं ते सांगतेय.”

“भास होतो गं. दिवा बघून बघून होतो.”

एकदा पुटपुटही म्हणाली. तिची बसायची जागा बरोबर माझ्यावर, मागे उजवीकडे. ती म्हणाली, “आई, माझी बाजू खाली गेलीये.” पण तेव्हा भोंगा शाळेतल्या कुणाचा तरी दात कसा पडला ते सांगत होता. दातच जिंकला.

मला भीती होती ती घाटाची. घाटापलीकडच्या शहरात आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. सगळे जाणार होते. गाडी भरलेली, उन्हाने तापलेला रस्ता, एकामागून एक वळणं. कमी हवेचा टायर असा चालला की तो आतून तापतो. तापून त्याची भिंत चिरते, आणि ती चिरते तेव्हा सांगून चिरत नाही. ही चारही माणसं, आणि येताना पाचवं नुकतं शिवलेलं म्हातारं माणूस, त्या वेळी माझ्या डोक्यावर बसलेली असणार होती. मला हे कळत होतं आणि मला एक आकडा सोडून काही बोलता येत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी बाबा गाडी गॅरेजमध्ये घेऊन आले तेव्हा मला वाटलं, सुटलो.

गॅरेजचे मुख्य कारागीर मोठ्या भिंगांचा चष्मा लावायचे. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. त्यांनी पडदा बघितला, पुढच्या डाव्या चाकाची हवा बघितली आणि मान हलवली.

“हवा आहे, तीही गरजेपेक्षा जास्त. आणि हा ओरडतोय कमी आहे म्हणून. सेन्सर गेला, साहेब.”

“मी घरी हेच सांगत होतो,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

मला तिरक्या कोपऱ्यातून टायरची कड सुटल्याचा ‘फट्ट’ आवाज ऐकू आला. धाकट्याला बाहेर काढलं. ज्याने जन्मात एक आकडा चुकीचा सांगितला नव्हता, त्याला काढून एका डब्यात टाकलं. त्याचा आवाज झाला, टण. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरी करणारासुद्धा कुणी नव्हता. होता तो एक साक्षीदार, आणि तो चुकीच्या नावाने उभा होता.

त्याच्या जागी नवा सेन्सर बसला आणि गाडीच्या मेंदूला सांगितलं गेलं: आजपासून पुढचं डावं म्हणजे हा. ‘पुढचं डावं’ हे नाव तोवर माझ्या क्रमांकाला चिकटलेलं होतं. ते काढून नव्याला दिलं. म्हणजे माझा क्रमांक आता कशालाच चिकटलेला नव्हता. आधी मला चुकीच्या नावाने का होईना, ऐकत तरी होते. आता मी बोलत होतो आणि मेंदूला मी कुणी परका वाटत होतो, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्याच गाडीतला.

दिवा विझला. बाबांनी बेडूक काढून खिशात ठेवला आणि शीळ घालत घरी निघाले.

घर यायच्या आधी दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर आलं: मागचं उजवं. आणि आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

कारण सोपं होतं. ‘मागचं उजवं’ या नावाखाली मेंदू अजून धाकट्याच्या आवाजाची वाट बघत होता. आणि धाकटा डब्यात होता.

“एक दुरुस्त केला तर दुसरा गेला,” बाबा घरी आल्यावर म्हणाले. “आता परत आल्यावर बघू. रेघा म्हणजे सेन्सर बंद. टायर बंद नाही.”

शनिवारी सकाळी गाडीत उशा चढल्या, पाण्याच्या बाटल्या चढल्या, आजोबांची घडीची काठी चढली. बाबांनी बेडूक पुन्हा दिव्यावर लावला. माझ्याकडे अठरा राहिले होते. आईने गाडी सुरू केली आणि मी जिवाच्या आकांताने बोलायला लागलो. अठरा, अठरा, अठरा. कुणालाही नाही.

फाटकाशी पोचल्यावर आईने गाडी थांबवली.

“काय विसरलं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. मागून बसतेय.”

“अगं, आपल्याला उशीर होतोय. आजोबा सकाळपासून पिशवी भरून बसले असतील.”

“मला एक सांगा. तक्रार पुढच्या डाव्याची. औषध दिलं पुढच्या डाव्याला. आणि मुका झाला मागचा उजवा. हे कुठलं गणित?”

“योगायोग.”

“आई, आपण घाटात भजी...” भोंगा सुरू झाला.

“एक मिनिट. तू गप्प बस. ताई काहीतरी म्हणाली.”

खरंच म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं, कारण ती माझ्या डोक्यावरच बसली होती. गाडीत सगळे गप्प झाल्यावर पुटपुट आणखीच हळू झाली, पण थांबली नाही.

“आमच्या वर्गात बाईंनी माझी आणि मागच्या बाकावरच्या मुलीची जागा बदलली होती. पण टेबलावर जो जागांचा तक्ता असतो तो तसाच राहिला. मग नव्या बाई आल्या. त्या तक्ता बघून नाव घ्यायच्या. बडबड ती करायची आणि उभी मी राहायचे.”

“आणि तू सांगितलं नाहीस?” बाबा म्हणाले.

“सांगितलं होतं.”

मग ती म्हणाली, “एकदा मला वर्गाबाहेर काढलं. तरी बडबड चालूच राहिली. तेव्हा बाईंना कळलं.”

आई मागे वळली असावी, कारण तिची खुर्ची करकरली. “अहो, चाकांच्या जागा बदलल्या होत्या ना मागे? कुठलं कुठे गेलं होतं?”

“गेल्या सर्व्हिसिंगला. पुढचं डावं झिजलं होतं, म्हणून ते टाकलं...” बाबा थांबले. “मागे उजवीकडे.”

आईचं दार उघडलं. चपला वाजत मागे आल्या. टायरवर तळहात पडला, माझ्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने. मग नळीची टोपी निघाली आणि पंपाची नळी लागली.

“सतरा,” आई म्हणाली.

बाबा पण आले. टायरवर आणखी एक तळहात पडला.

“आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी,” आई म्हणाली. रागाने नाही, हळूच.

“आकडा खरा होता,” बाबा म्हणाले. “मी म्हणत होतो ना, आकडा खोटं बोलत नाही.”

“नाही बोलत. पण तो कोण बोलतोय, ते आपण विचारलंच नाही.” मग तिने खिडकीतून आत पाहिलं असावं. “आणि हिची बाजू खाली चालली होती एवढे दिवस. तू म्हणाली होतीस का गं मला?”

पुटपुटने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण आईला ऐकू गेलं असावं, कारण ती म्हणाली, “हो गं, म्हणाली होतीस.”

त्यांनी पुरेशी हवा भरली आणि गाडी घाटाकडे न जाता गॅरेजकडे वळली. बाबांनी आजोबांना फोन केला. आजोबांचा आवाज मला इथपर्यंत आला, “अरे, या दुपारपर्यंत. मी काय, पळून जाऊ शकतोय का?”

आणि मग माझ्या आयुष्यातली ती सकाळ आली. टायरची कड सुटली, ‘फट्ट’, आणि माझ्या खोलीचं छत बाजूला झालं.

उजेड. मी विसरलो होतो की तो असा एकदम सगळीकडून येतो. पत्र्याचं छप्पर, त्यातून तिरके पडलेले उन्हाचे पट्टे, आणि माझ्यावर वाकलेले चेहरे. आवाजांवरून मी ज्यांना ओळखत होतो ते असे होते तर. आईच्या कपाळावर आठी होती. भोंग्याचा समोरचा एक दात नव्हता. म्हणजे त्या दिवशी दात त्याचाच पडला होता. पुटपुट थोडी मागे उभी होती आणि सगळ्यांत जास्त निरखून तीच बघत होती.

चष्मेवाल्यांनी पकडीने स्क्रू ओढून काढला. बाबांनी तो हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

“हा तर आपल्या चपलांच्या कपाटाचा.”

“म्हणून ते कपाट डुगडुगतंय,” आई म्हणाली. बाबांनी स्क्रू गुपचूप खिशात टाकला. बेडूकही तिथेच होता बहुतेक.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. “बाई, जागा बदलल्यावर यंत्राला कळवायचं असतं. आमच्याकडून राहिलं ते.” मग त्यांनी बोटाने माझ्यावर टकटक केलं. “आता उघडलंच आहे तर हाही नवा टाकू का? जुना झालाय. काही वर्षांनी बॅटरी संपणारच आहे.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. बाहेर राहिलो तर ऊन मिळणार होतं, वारा मिळणार होता, आणि माझं कुणालाच काम उरणार नव्हतं. आत गेलो तर पुन्हा ती गोल भिंत. मला निवडायचा अधिकार असता तर मी काय निवडलं असतं, याचा मी अजून विचार करतो.

आई म्हणाली, “नको. एवढे दिवस हाच खरं सांगत होता. यालाच ठेवा.”

माझी इतकी मोठी कदर आजवर कुणी केली नव्हती. आणि त्या कदरीपोटीच मला पुन्हा कोंडायचं ठरलं.

पुटपुट पुढे आली. “काका, काल काढलेला कुठाय?”

तिने एकदाच विचारलं आणि चष्मेवाल्यांना ऐकू गेलं. त्यांनी डबा शोधून धाकट्याला तिच्या हातावर ठेवलं. “घे बाळा. चांगला आहे तो, पण आता गाडीत याला जागा नाही.” तिने त्याच्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि गाडीतच राहिलेल्या दप्तरातली कंपासपेटी उघडून त्याला खोडरबराशेजारी ठेवलं. धाकटा आता कधी बोलणार नाही. फिरल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, आणि कंपासपेटी फिरत नाही. पण ती दिवसातून पाच-सहा वेळा उघडते. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला माझा वाटत असेल.

भोकावर आतून ठिगळ बसलं. टायर पुन्हा माझ्या डोक्यावर आला. शेवटची फट उरली होती तेव्हा तिच्यातून मला भोंग्याचा बूट, तेलाचा एक डाग आणि उन्हाचा पट्टा दिसत होता. मग हवा आली आणि फट मिटली.

बाहेर चष्मेवाल्यांनी एक हातातलं यंत्र एकेका चाकाजवळ धरून गाडीच्या मेंदूला आमची नावं सांगितली. पुढचं डावं, पुढचं उजवं. यंत्र माझ्यापाशी आलं. “मागचं उजवं,” ते म्हणाले. जागा बदलल्यापासून पहिल्यांदा मी जिथे होतो त्या नावाने कुणी मला हाक मारली.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. दिवा लागला तर त्यावर काही चिकटवू नका. आणि ज्याचं नाव पडद्यावर येईल त्याच्याकडे जरूर जा, पण जाता जाता बाकीच्या तिघांवरही एकदा हात ठेवून बघा. आम्हाला दुखणं सांगता येतं, पत्ता सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर आजोबांना पुटपुटच्या जागेवर बसवलं, कारण त्या बाजूला पाय लांब करता येत होते. त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं. घाट उतरताना रस्ता तापलेला होता आणि प्रत्येक वळणावर भिंत वाकत होती, पण वाकून जागच्या जागी परत येत होती. आजोबा म्हणाले, “केवढं वळण रे हे. चाकं ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत,” बाबा म्हणाले. “एकदाही दिवा लागला नाही. गाडी अगदी गप्प आहे.”

गप्प नव्हती. तेहतीस, मी सांगत होतो. तेहतीस. तेहतीस. अंधारात गरगरत, घाट संपेपर्यंत, मी तेवढंच सांगत होतो.